आधी रिपोर्ट, मग डबी

इंदिरानगरच्या आमच्या इमारतीतली लिफ्ट आता फार शहाण्यासारखी वागते. माणसं आत शिरतात, मोबाइल काढतात आणि आपापल्या मजल्यावर उतरून जातात. लताकाकू मोरे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या तेव्हा असं नव्हतं. काकू लिफ्टमध्ये दिसल्या की निम्मी मंडळी जिना धरायची, आणि त्यात पुरुष जास्त असायचे.

माझी त्यांच्याशी खरी ओळख तिथलीच. तशा आम्ही कितीतरी वर्षं समोरासमोर राहत होतो, विरजण आणि कोथिंबिरीची देवाणघेवाण होती, पण ओळख म्हणावी ती त्या डिसेंबरातल्या सकाळी झाली. नाशकात त्या दिवसांत अशी थंडी पडते की निफाडकडचे बागायतदार द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. आणि मी मात्र ऑफिसला निघताना स्वेटर काढून काखेत मारलेला, विजेच्या बिलानं वारा घेत उभी. काकूंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय गं सुनंदा, पाळी लांबली का?"

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी होते. लिफ्टमध्ये किती किलो वजन चालतं, ही सूचना ते एकदम मन लावून वाचू लागले.

"काकू, अहो..."

"लाजायला काय झालं? इस्ट्रोजेन हार्मोन वरखाली होतंय तुझं, म्हणून अंगातून वाफा निघतायत. माझ्या तर अशा निघायच्या की मोरे म्हणायचे, चहा तुझ्या डोक्यावरच ठेवू का! आणि कुलकर्णी, तुम्ही काय तिकडं तोंड करताय? तुमच्यात पण असतं ते. पुरुषांना वाटतं आपला काही संबंधच नाही!"

कुलकर्णी मधल्याच मजल्यावर उतरले आणि उरलेले जिने पायी गेले. काकूंनी मला त्याच संध्याकाळी घरी बोलावलं.

त्यांच्या हॉलमध्ये एक काचेचं कपाट होतं. एकेकाळी त्यात मोरेकाकांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी करताना रस्सीखेचेत जिंकलेला कप आणि लग्नातला डिनर सेट असायचा. आता ते सगळं माळ्यावर गेलं होतं आणि कपाटात बरण्या होत्या. जवस, तीळ, सोयाबीन, शतावरीचं चूर्ण, मॅग्नेशियम, माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक गोळ्या, कोबी-ब्रोकोलीच्या अर्काच्या कॅप्सूल. पुढ्यात मोठ्या डब्यात जवसाचे लाडू. काकू यातलं काहीच विकायच्या नाहीत. स्वतःच्या त्रासाच्या वर्षांत त्यांनी एका चांगल्या डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून विचारून बेजार केलं होतं, आणि तिथं जे कळलं ते सगळ्या जगाला कळावं अशी त्यांची तळमळ होती. माझा हात आपसूक एका डबीकडे गेला, तर त्यांनी तो चक्क चापट मारून खाली केला.

"आधी रिपोर्ट, मग डबी," त्या म्हणाल्या. "लाडू खा हवा तर. लाडवाला रिपोर्ट लागत नाही."

हे वाक्य त्यांनी नंतर इतक्या वेळा ऐकवलं की बिल्डिंगमधली पोरं क्रिकेट खेळतानासुद्धा म्हणायची. पण त्या ते पाळायच्या, हे खरं. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे मॅडम एकदा हट्टाला पेटल्या, तुम्हाला जी लागू पडली तीच कॅप्सूल मला द्या. काकूंनी कपाटाला पाठ लावून उभं राहून नकार दिला. देशपांडे मॅडम पंधरवडाभर बोलल्या नाहीत. शेवटी रागारागात रक्त तपासून आल्या, तर निघालं थायरॉइड. त्यानंतर त्या काकूंकडे पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि जाताना लाडू घेऊन गेल्या. माझ्या वाफा पुढं कमी झाल्या, त्या लाडवांनी की डॉक्टरांच्या गोळ्यांनी की आपोआप, हे देव जाणे. मी काकूंना लाडवांनी असं सांगत असे.

हार्मोनचं वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं हे निफाडच्या माणसाला सांगायची गरज पडू नये. काकूंचं माहेर द्राक्षबागायतदारांचं. तिकडं मणी लांबवायला आणि फुगवायला घड जीएच्या पाण्यात बुडवतात. जीए म्हणजे झाडाचं हार्मोनच. लहानपणी काकू त्या पाण्याचा मग हातात घेऊन वेलीखालून फिरत एकेक घड बुडवायच्या. एका वर्षी त्यांच्या वडिलांनी शेजाऱ्यापेक्षा मोठे मणी काढायच्या ईर्षेनं डोस वाढवला. देठ जाड झाले, साल जाड झाली, मणी चावता चावेना, आणि व्यापारी बागेच्या तोंडावरून गाडी वळवून निघून गेला.

"तेव्हापासून मला कळलं बघ," काकू सांगायच्या. "कमी पडलं तरी घोटाळा, जास्त झालं तरी घोटाळा. बाई काय, बाप्या काय, घड सारखाच."

एवढ्या साऱ्या बिल्डिंगला धारेवर धरणाऱ्या या बाईच्या हातून एकच माणूस निसटला होता, आणि तो नेमका घरातला होता.

मोरेकाका म्हणजे जुन्या नाशकातल्या आळीत वाढलेला गडी. ज्यांनी नाशकातली रंगपंचमी पाहिली नाही त्यांना रहाड काय ते सांगायला हवं. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला पेशव्यांच्या काळातला खोल हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला तो उघडतात, फुलांचा रंग कढईत उकळून त्यात ओततात, पूजा होते आणि मग माणसं त्यात धडाधड उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. काकांच्या आळीत पूजेनंतरचे पहिले धप्पे जुन्या मंडळींचे असत, तेही उघड्या अंगानं, आणि ज्याची त्याची बायको काठावर त्याचा शर्ट धरून उभी राही. काकांचा धप्पा नावाजलेला होता. रंगाचं पाणी पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत जायचं, असं आळीतली माणसं शपथेवर सांगत. काकू दर वर्षी खांद्यावर टॉवेल, हातात शर्ट अशा थाटात उभ्या राहायच्या आणि पाणी किती वर गेलं हे कुलकर्ण्यांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगायच्या.

दोन वर्षं झाली, काका रहाडीवर गेले नव्हते. पहिल्या वर्षी ताप आला म्हणाले, दुसऱ्या वर्षी पाठ. निवृत्तीनंतर ते जरा मंदावले होते हे खरं, पण भर एप्रिलच्या उन्हातसुद्धा ते जाड बनियन, शर्ट आणि वर जाकीट घालून भाजी आणायला जायला लागले. काकू सगळ्यांना सांगायच्या, "यांना वारा बाधतो." पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. त्या दोन्ही वर्षी त्या एकट्याच आळीत जाऊन काठावर उभ्या राहिल्या होत्या, टॉवेल खांद्यावर आणि हात मोकळे. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, पण मला काही हसू आलं नाही.

त्या दुसऱ्या रंगपंचमीनंतर, जरा उशिरानंच, आमच्या सोसायटीतला महिला दिन आला. काकूंनी पार्किंगमध्ये भाषण ठेवलं आणि पुरुषांना यायलाच लावलं. लाडवांचं आमिष होतं. मोरेकाका नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, हातात लाडू. काकू रंगात आल्या.

"आता पुरुषांचं. खाली काय बघताय सगळे? चपला कुठं जात नाहीत. पुरुषांत पण इस्ट्रोजेन असतं. पोट सुटलं की वाढतं, दारूनं वाढतं, कुणी दिलेल्या कसल्याबसल्या ताकदीच्या गोळ्या खाल्ल्या तरी वाढतं. मग छाती सुजते, हुळहुळते. तसं झालं तर लपवायचं नाही, डॉक्टरकडं जायचं!"

काका उठले. हातातला लाडू खुर्चीवर ठेवला आणि जिन्याकडे चालायला लागले. लोकांना वाटलं फोन आला असेल. काकूंचं बोलणं चालू राहिलं, पण नजर त्या खुर्चीवरच्या लाडवावर खिळली होती. उष्टा लाडू टाकून जाणारा माणूस नव्हता तो. भाषण एकाएकी आटोपलं. काकूंचं भाषण वेळेआधी संपलं हे आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या होत्या, केसही न विंचरता.

"मी काल त्यांना म्हटलं, शर्ट काढा. म्हणाले, कशाला. म्हटलं, बायको आहे तुमची, काढा." त्या माझ्या सोफ्यावर बसल्या. "दोन्ही बाजूंना सूज आहे गं. आणि डाव्या बाजूला हाताला गाठ लागतीय. कधीपासूनची, विचारलं तर बोलत नाहीत. सगळ्या बिल्डिंगला शिकवत फिरले मी, आणि माझ्याच घरात माणूस अंग चोरून राहिला. ती गाठ भलतीसलती निघाली तर मी काय करू?"

आणि मग काकू रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी गाडीची किल्ली घेतली.

दवाखान्यात काका पुढच्या खुर्चीत जाकीट घालूनच बसले होते. काकूंनी हट्टानं मलाही आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?" काका टेबलावरच्या पेपरवेटशी बोलल्यासारखं म्हणाले, "बापूनं दिल्या होत्या."

बापू म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, निफाडकडे द्राक्षबाग करणारा. काकूंनी तिथल्या तिथं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बापू, यांना कसल्या गोळ्या दिल्या रे?"

"ताकदीच्या, ताई. जिमची पोरं खात्यात त्या. पाव्हणं म्हनले, रिटायर झाल्यापास्नं जोर नाय ऱ्हायला, रहाडीत धप्पा नीट बसत नाय, आळीतली पोरं हसत्यात. मी म्हनलं, त्यात काय एवढं. मी फक्त शेड्यूल बसवून दिलं."

"कसलं शेड्यूल?"

"आपलं नेहमीचं. पयला डोस हलका, मग डबल, मग फुगवणीच्या टायमाला अजून जरा वाढवायचा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "हे माणसाबद्दलच चाललंय ना?"

"व्हय की, मॅडम," बापूमामा तिकडून खणखणीत आवाजात म्हणाले. "पाव्हण्यांबद्दलच. का? आला का रिझल्ट?"

मी तोंडाला रुमाल लावला. काकूंनी फोन बंद केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून काही?"

काकांनी पहिल्यांदा काकूंकडे पाहिलं. "हिच्या कपाटातलं. सूज आली म्हटल्यावर घाबरलो. ज्या ज्या डबीवर बॅलन्स असं लिहिलंय त्यातल्या रोज घ्यायचो. मूठभर."

"रिपोर्ट न काढता?" काकूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"कुणाला सांगणार होतो, लता?" काका म्हणाले. आवाज अगदी हलका होता, त्यात राग नव्हता. "तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये झालं असतं."

परतीच्या वाटेवर मुंबई नाक्याच्या सिग्नलला आम्ही बराच वेळ अडकलो होतो, तेव्हा काकू समोरच्या लाल दिव्याकडेच बघत होत्या. एरवी त्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याच्या पोटाकडे बघून त्याला सल्ला देत.

तपासण्या झाल्या. त्या दिवसांत समोरच्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज आला नाही. रिपोर्ट घेऊन काकू आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "भलतंसलतं काही नाही." गाठ म्हणजे नुसती फुगलेली ग्रंथी होती. इस्ट्रोजेन वाढलेलं होतं. डॉक्टरांनी बापूमामांचं शेड्यूल आणि काकूंचं कपाट, दोन्ही बंद करायला लावलं. चालायचं, वजन उतरवायचं, वाट बघायची. सूज कमी होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही, हेही सांगितलं होतं.

पुढचं वर्षभर मी जी काकू पाहिली ती मला त्या आधीच्या काकूपेक्षा जास्त आठवते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. काका रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर कशाला जातात असं कुणी विचारलं तर "गुडघ्यांसाठी" म्हणायच्या. लिफ्टमध्ये त्या हवापाण्यावर बोलू लागल्या. पोटात केवढी माहिती आणि केवढी बातमी, आणि ही बाई म्हणतेय यंदा गारठा कमी आहे! शेवटी कुलकर्ण्यांनीच मला जिन्यात गाठलं. "काकूंची तब्येत बरी आहे ना? मला हल्ली काहीच बोलत नाहीत." त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. कपाटात डॉक्टरांनी हो म्हटलेल्या दोन-तीन डब्या आणि लाडू राहिले, आणि रस्सीखेचेचा कप माळ्यावरून खाली आला. बापूमामा एकदा द्राक्षांची पेटी घेऊन माफी मागायला आले, तेव्हा काकूंनी त्यांना कपाटासमोर उभं करून "आधी रिपोर्ट, मग डबी" मोठ्यानं म्हणायला लावलं. तेवढी एक चैन त्यांनी केली.

मग रंगपंचमी आली. काकांचं वजन उतरलं होतं, जाकीट सुटलं होतं. सूज बरीच ओसरली होती, पण सगळी नाही. पातळ शर्टातून नीट पाहिलं तर कळायची. काका आदल्या दिवशी म्हणाले, मी येत नाही. मला वाटलं काकू आता दोन वर्षांचं साठलेलं बाहेर काढतील. त्या म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, मला म्हणाल्या, "चल, तू बघितलीच नाहीस कधी," आणि आम्ही दोघी जुन्या नाशकात गेलो.

आळीत ढोल चालला होता. कढईतला रंग ओतून झाला होता, फुलांचा उग्र गोड वास सुटला होता. पूजा झाली. जुनी मंडळी एकेक करून शर्ट काढून बायकोच्या हातात देत काठावर येत होती. काकू त्यांच्या नेहमीच्या जागी उभ्या होत्या. कुणी विचारलं, "मोरे नाही आले?" काकूंनी नुसती मान हलवली.

आणि मग गर्दीतून काका आले. रिक्षातून उतरून तसेच आलेले, घाम पुसत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. ते काकूंसमोर येऊन थांबले. मी मनात म्हटलं, आता बोला काकू, काहीतरी धीराचं बोला. काकूंनी फक्त हात पुढं केला.

काकांनी एकेक बटण काढलं. शर्ट दिला. मग बनियनच्या काठाशी त्यांचा हात घुटमळला. काकूंचा हात तसाच पुढं होता. काकांनी बनियन काढून त्यावर ठेवलं आणि उघड्या अंगानं रहाडीकडे वळले. कुठल्यातरी पोरानं शीळ घातली. आळीतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

काका काठावर उभे राहिले, दोन्ही हात वर केले, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "नीट बघून घ्या रे! निफाडची फुगवण हाय! मेव्हण्यानं शेड्यूल दिलंय! कुणी दिलेल्या गोळ्या खाल ना, तर असंच होईल!"

ढोलवाल्याचा ठेकाच चुकला. मग सगळी आळी खदखदून हसली, काकाही हसत होते, आणि हसत हसतच त्यांनी धप्पा घेतला.

पाणी गॅलरीपर्यंत गेलं की नाही ते मी शपथेवर सांगणार नाही, कारण ते सगळं आमच्याच अंगावर आलं होतं. डोळे पुसून पाहिलं तर काकू केसांपासून चपलांपर्यंत रंगात न्हालेल्या, नवी साडी अंगाला चिकटलेली, आणि रडतायत की हसतायत ते त्या रंगात कळत नव्हतं. त्यानंतर उन्हाळ्यात ती दोघं निफाडला बापूमामांच्या बागेशेजारी राहायला गेली, तरी मला काकू आठवतात त्या तशाच, काठावर.

"आधी सांगायचं ना मला," त्या खाली पाण्याकडे बघत ओरडत होत्या, "मी लाडू आणले असते सगळ्यांना!"

दोन्ही हात त्यांनी उंच डोक्यावर धरले होते. त्या हातांत काकांचा पांढरा शर्ट होता, आणि त्याच्यावर रंगाचा एक थेंबही नव्हता.